बंद लोहमार्गांवरील विहारमार्ग : एका अखंड पट्ट्याची जपणूक

लोहमार्ग बांधणे म्हणजे रूळ अंथरणे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात रूळ हा त्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत सहज बदलता येणारा भाग होय. त्याआधी मोजणी होते, शेकडो खातेदारांची जमीन संपादित केली जाते, डोंगर कापले जातात, सखल भागात भराव घातले जातात, नद्यांवर पूल आणि ओढ्यांवर मोऱ्या बांधल्या जातात. या साऱ्या श्रमांतून निर्माण होतो तो काही मीटर रुंदीचा, परंतु कित्येक किलोमीटर लांबीचा, कोठेही न तुटलेला जमिनीचा पट्टा. गाड्या बंद झाल्या, रूळ उखडून भंगारात गेले, तरी हा पट्टा मागे उरतो. त्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांपुढे उभा राहिला. त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी सर्वांत यशस्वी ठरलेले उत्तर म्हणजे ‘रेल-ट्रेल’, अर्थात बंद लोहमार्गाच्या भरावावर पादचारी व सायकलस्वारांसाठी तयार केलेला विहारमार्ग.

भारतात गेजपरिवर्तनाचे काम बहुतांशी पूर्ण होत आले आहे. या प्रक्रियेत काही जुने मार्ग कायमचे बंद झाले, तर काही ठिकाणी नव्या आखणीमुळे जुने घाटमार्ग बाजूला पडले. त्यामुळे इतर देशांनी या पट्ट्यांचे काय केले, ते कोठे चुकले आणि त्यांतून आपण काय घ्यावे, याचा विचार करण्याची ही योग्य वेळ आहे.

लोहमार्ग चालण्यास सोयीचा का?

वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. म्हणून लोहमार्गाचे अभियंते चढ शक्य तितका सौम्य ठेवत. सर्वसाधारण मार्गांवर पन्नास मीटर अंतरात एक मीटरहून अधिक चढ क्वचितच आढळतो. वळणेही मोठ्या त्रिज्येची असतात. इंजिनासाठी केलेली ही सोय पुढे माणसाच्या उपयोगी पडते. वृद्ध व्यक्ती, लहान मुले, चाकांच्या खुर्चीचा वापर करणाऱ्या अपंग व्यक्ती आणि सराव नसलेले सायकलस्वार अशा मार्गावरून फारशी दमछाक न होता जाऊ शकतात. डोंगराळ मुलुखातील सामान्य पायवाट ही सोय देऊ शकत नाही.

दुसरी बाब म्हणजे वेगळेपण. लोहमार्ग हा मोटारींच्या रस्त्यापासून स्वतंत्र असतो आणि त्याला छेदणारे रस्ते मोजके असतात. तिसरी बाब अशी की तो गावागावांना जोडतो. स्थानके पाच-दहा किलोमीटरच्या अंतराने वसलेली असतात. साहजिकच पाणी, भोजन आणि मुक्काम यांची ठिकाणे आपोआप ठरतात. जुनी स्थानके ही तयार विश्रामगृहेच असतात.

अर्थात, रूळ काढले की मार्ग तयार झाला, असे नाही. जाड खडीवर ना नीट चालता येते, ना सायकल चालवता येते. म्हणून ती काढून किंवा दाबून तिच्यावर बारीक चुरीचा अथवा डांबराचा थर द्यावा लागतो. लाकडी स्लीपर टिकावेत म्हणून त्यांना क्रिओसोट या डांबरजन्य रसायनाचा लेप दिलेला असतो. असे स्लीपर सरपणासाठी वापरणे घातक असल्याने त्यांची काळजीपूर्वक विल्हेवाट लावावी लागते. पुलांवर फळ्या व कठडे बसवावे लागतात, बोगद्यांतील पाण्याचा निचरा करावा लागतो आणि मोऱ्या मोकळ्या ठेवाव्या लागतात. ही शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. मोरी तुंबली की पावसाचे पाणी भराव फोडून वाट काढते आणि अखंड पट्ट्यात पहिला खंड पडतो.

अमेरिकेतील आरंभ

अमेरिकेच्या लोहमार्गांची लांबी १९१६ च्या सुमारास अडीच लाख मैलांच्या, म्हणजे सुमारे चार लाख किलोमीटरच्या घरात पोहोचली होती. त्यानंतर मोटारी, मालमोटारी आणि पुढे विमाने यांच्या स्पर्धेत अनेक मार्ग तोट्यात गेले व एकेक करून बंद पडू लागले.

शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरांना जोडणारी शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन ही विजेवर चालणारी रेल्वे अशांपैकीच एक. तिची प्रवासी वाहतूक १९५७ मध्ये थांबली. मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानातील निसर्ग-अभ्यासक मे थील्गार्ड वॉट्स यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या दैनिकास पत्र लिहून हा पट्टा लोकांच्या पायवाटेसाठी राखून ठेवावा, असे सुचविले. यंत्रे आणि बांधकामे येऊन पोहोचण्याआधीच निर्णय व्हावयास हवा, हा त्यांच्या मांडणीचा रोख होता. त्या पत्रातून नागरिकांची चळवळ उभी राहिली आणि ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ हा मार्ग आकारास आला. आज त्याच्या शाखांसह लांबी सुमारे ९८ किलोमीटर आहे.

जवळपास त्याच काळात विस्कॉन्सिन राज्यात शासनाने पुढाकार घेतला. एलरॉय ते स्पार्टा हा शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा बंद झालेला सुमारे ५१ किलोमीटरचा मार्ग राज्याने १९६५ मध्ये ताब्यात घेतला आणि १९६७ मध्ये तो विहारमार्ग म्हणून खुला केला. अमेरिकेतील पहिला रेल-ट्रेल म्हणून याचाच उल्लेख केला जातो. या मार्गावर एकोणिसाव्या शतकात खोदलेले तीन बोगदे असून त्यांतील सर्वांत लांब बोगदा सुमारे १,१६० मीटरचा आहे. हिवाळ्यात बोगद्यात बर्फ साचून दगडाला इजा होऊ नये म्हणून तोंडाशी प्रचंड लाकडी दारे बसविलेली होती. गाडी येण्यापूर्वी पहारेकरी ती उघडत असे आणि गाडी गेल्यावर पुन्हा लावून घेत असे. ती दारे आजही जपलेली आहेत. केंडल या छोट्या गावाचे जुने स्थानक आता या मार्गाचे मुख्य कार्यालय आहे. ज्या गावांतून गाडी गेली होती, त्याच गावांत सायकलस्वार उतरू लागले.

‘रेलबँकिंग’ : मार्ग ठेवीत ठेवणे

या उदाहरणांचे अनुकरण मात्र सोपे नव्हते. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी रेल्वे कंपन्यांकडे जमिनीची मालकी नव्हती. त्यांना केवळ लोहमार्गापुरता वापराचा हक्क मिळालेला होता. मार्ग विधिवत ‘परित्यक्त’ झाला की तो हक्क संपे आणि पट्टा तुकड्यातुकड्यांनी शेजारच्या जमीनमालकांकडे जाई. एका मालकाने कुंपण घातले तरी संपूर्ण मार्ग निरुपयोगी ठरे. पुढे १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वे कंपन्यांवरील निर्बंध सैल केले आणि तोट्यातील मार्ग सोडून देणे अधिक सुकर झाले. शंभर वर्षांत जोडलेले पट्टे काही महिन्यांत विखुरतील, अशी स्थिती निर्माण झाली.

यावर अमेरिकी काँग्रेसने १९८३ मध्ये राष्ट्रीय पथप्रणाली कायद्यात (मूळ कायदा १९६८ चा) दुरुस्ती करून उपाय योजला. हाच ‘रेलबँकिंग’चा उपाय होय. एखादी रेल्वे कंपनी मार्ग बंद करू इच्छित असेल आणि एखादी शासकीय वा सार्वजनिक संस्था त्याची देखभाल, कर व दायित्व स्वीकारण्यास तयार असेल, तर तो मार्ग कायद्याच्या दृष्टीने परित्यक्त मानला जात नाही. तो भावी रेल्वे वाहतुकीसाठी राखून ठेवलेला, मधल्या काळात विहारमार्ग म्हणून वापरात असलेला मार्ग ठरतो. उद्या रेल्वेची गरज भासली तर तेथे पुन्हा रूळ टाकता येतात. काही मार्गांवर तसे घडलेही आहे.

या तरतुदीला व्हरमाँट राज्यातील जमीनमालकांनी आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये प्रिसो खटल्यात ती वैध ठरविली. मात्र ज्यांचा जमिनीवरील हक्क प्रत्यक्षात डावलला जातो, त्यांना नुकसानभरपाई मागता येते, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले आणि पुढे १९९६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्याच कुटुंबाला भरपाईस पात्र ठरविले. सार्वजनिक हित आणि खासगी हक्क यांचा तोल कसा साधावा, याचा हा वस्तुपाठ आहे. पट्टा जपणे योग्य, पण त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने मोजावी हे योग्य नव्हे.

मिसुरी राज्यातील ‘केटी ट्रेल’ हे या तरतुदीचे ठळक फलित आहे. मिसुरी–कॅन्सस–टेक्सास रेल्वेने १९८६ च्या पुरानंतर मिसुरी नदीकाठचा आपला मार्ग बंद केला. रेलबँकिंगमुळे तो अखंड राहिला. एडवर्ड जोन्स या उद्योजकाने पत्नीसह दिलेल्या मोठ्या देणगीमुळे राज्याला तो विकसित करता आला. पहिला टप्पा १९९० मध्ये खुला झाला आणि आज हा मार्ग सुमारे ३८६ किलोमीटर लांबीचा आहे. या चळवळीचे संघटन करणारी ‘रेल्स-टू-ट्रेल्स कॉन्झर्व्हन्सी’ ही संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली, तेव्हा देशात असे मार्ग काही शे मैलांचेच होते. आज त्यांची एकूण लांबी २५ हजार मैलांहून, म्हणजे ४० हजार किलोमीटरहून अधिक आहे.

ब्रिटनचा धडा

पट्टा वेळीच जपला नाही तर काय होते, हे ब्रिटनच्या अनुभवावरून दिसते. डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालाने सुमारे आठ हजार किलोमीटर मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. त्यानंतरच्या वर्षांत फार मोठ्या प्रमाणावर मार्ग बंद झाले आणि पुष्कळशी जमीन विकली गेली. भरावांवर घरे, गोदामे आणि रस्ते आले. पूल पाडले गेले.

एडिंबरोहून दक्षिणेकडे जाणारा ‘वेव्हर्ली’ मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला. पुढील काळात एडिंबरोच्या वळणरस्त्याने जुना पट्टा आडवा छेदला. या भागाला पुन्हा रेल्वे हवी, असा निर्णय झाल्यावर सुमारे ४८ किलोमीटरचा ट्वीडबँकपर्यंतचा मार्ग सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाला खरा, परंतु वळणरस्त्याखालून नव्याने वाट काढावी लागली. पट्टा राखून ठेवला असता तर हा खर्च बव्हंशी टळला असता.

याच देशात दुसरी, अधिक आशादायक कहाणीही घडली. ब्रिस्टल ते बाथ या बंद मार्गावर स्थानिक सायकलप्रेमींच्या एका गटाने १९७९ पासून, मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांच्या श्रमांतून, सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग बांधला. तो १९८६ मध्ये पूर्ण झाला. त्याच गटातून ‘सस्ट्रान्स’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे तिने देशभर सायकलमार्गांचे जाळे विणले. ब्रिस्टल–बाथ मार्गाचे वैशिष्ट्य असे की तो केवळ सुटीच्या दिवशी फिरण्यासाठी वापरला जात नाही. कामावर आणि शाळेत जाणारे लोक रोज त्याचा वापर करतात.

ग्रामीण अर्थव्यवस्थेसाठी : स्पेन व न्यूझीलंड

स्पेनने हा विषय राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून हाती घेतला. १९९३ मध्ये प्रथम बंद मार्गांची गणना करण्यात आली, तेव्हा त्यांची लांबी साडेसात हजार किलोमीटरहून अधिक भरली. त्यानंतर ‘विआस वेर्देस’, म्हणजे ‘हरित मार्ग’, या नावाने टप्प्याटप्प्याने काम झाले. आज तेथे तीन हजार किलोमीटरहून अधिक हरित मार्ग आहेत. रेल्वे प्रतिष्ठान समन्वय करते, तर स्थानिक पातळीवर नगरपालिका व प्रांतिक संस्था मार्ग सांभाळतात.

अंदालुसिया प्रांतातील सिएर्रा हरित मार्ग विशेष उल्लेखनीय आहे. पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा या सुमारे ३६ किलोमीटरच्या मार्गासाठी १९२० च्या दशकात बोगदे खोदले गेले, पूल बांधले गेले, पण यादवी युद्धाच्या काळात काम थांबले आणि त्यावरून एकही गाडी कधी धावली नाही. तीस बोगद्यांचे हे फसलेले काम आज पर्यटनाचा आधार झाले आहे. मार्गालगतच्या झाफ्रामागॉन सुळक्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे. जवळच्या जुन्या स्थानकातून तिचे निरीक्षण करता येते. त्याच प्रांतात ऑलिव्ह तेलाची वाहतूक करणाऱ्या जुन्या मार्गावर ‘तेलाचा हरित मार्ग’ तयार झाला असून तो १२० किलोमीटरहून लांब आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ‘ओटागो सेंट्रल’ मार्ग १९९० मध्ये बंद झाला. एका टोकाचा घाटातील भाग डनेडिन शहराच्या पुढाकाराने पर्यटक रेल्वेसाठी राखला गेला, तर मिडलमार्च ते क्लाइड हा १५२ किलोमीटरचा पट्टा संवर्धन विभागाने १९९३ मध्ये घेऊन २००० मध्ये विहारमार्ग म्हणून खुला केला. रेल्वे गेल्यामुळे ओस पडू लागलेल्या या मेंढपाळांच्या प्रदेशात सायकलवर तीन ते पाच दिवसांचा प्रवास करणारे पर्यटक येऊ लागले. मुक्कामाची घरे, खाणावळी, सायकल भाड्याने देणे, सामान पोहोचविणे असे व्यवसाय उभे राहिले. सायकलवरून जाणारा पर्यटक एका दिवसात थोडेच अंतर कापतो. त्यामुळे तो प्रत्येक गावात थांबतो आणि त्याचा पैसा अनेक लहान हातांत विभागला जातो. मोटारीने येणारा पर्यटक तेच अंतर दोन तासांत ओलांडून जातो.

आशियातील उदाहरण

सिंगापूरमधून मलाया रेल्वेचा एक मार्ग जात असे. मलेशियाशी झालेल्या करारानुसार १ जुलै २०११ रोजी ही जमीन सिंगापूरकडे आली. जगातील अत्यंत महाग भूखंडांपैकी ही एक पट्टी. ती तुकडे करून विकणे सहज शक्य होते. तथापि नागरिकांच्या सूचना विचारात घेऊन २४ किलोमीटरचा पट्टा ‘रेल कॉरिडॉर’ म्हणून अखंड ठेवण्याचा निर्णय झाला. बुकित तिमा येथील स्थानक आणि पोलादी पूल जतन करण्यात आले. जमिनीची टंचाई असलेल्या देशानेही अखंडतेचे मोल विक्रीच्या किमतीहून अधिक मानले, ही बाब आपल्याकरिता विचारणीय आहे.

आक्षेप आणि मर्यादा

विहारमार्गांचे गुणगान करताना त्यांच्या मर्यादाही पाहावयास हव्यात. शेजारच्या शेतकऱ्यांना चोरी, पिकांची नासधूस, गुरांना होणारा त्रास यांची भीती वाटते. ती अनाठायी म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. कुंपण, शेतात जाण्यायेण्याच्या वाटा, रात्रीची बंदी आणि स्पष्ट फलक यांची तरतूद आरंभीच असावी लागते.

शहरांत प्रश्न वेगळा असतो. न्यूयॉर्कमधील ‘हाय लाइन’ या उन्नत मालवाहू मार्गावरून १९८० मध्ये शेवटची गाडी गेली आणि २००९ पासून तेथे उद्यान खुले झाले. ते अत्यंत लोकप्रिय ठरले, परंतु परिसरातील जागांच्या किमती व भाडी वाढून जुन्या रहिवाशांना तेथे राहणे अवघड झाले. विकासाचा लाभ कोणाला मिळतो, हा प्रश्न येथेही सुटत नाही.

भारतातील परिस्थिती

‘एकगेज प्रकल्प’ १९९२ मध्ये सुरू झाला. बहुतेक ठिकाणी जुन्याच भरावावर ब्रॉडगेज मार्ग टाकला गेला. तेथे विहारमार्गाचा प्रश्न उद्भवत नाही. पण आखणी बदलली की जुना पट्टा मोकळा होतो. बार्शी लाइट रेल्वेच्या रुंदीकरणात उस्मानाबाद (आताचे धाराशिव) शहर मार्गावर यावे म्हणून नवी आखणी झाली. मध्य प्रदेशात महूजवळील पातालपानी–कालाकुंड या घाटातील मीटरगेज मार्गाला ब्रॉडगेजसाठी पर्यायी आखणी ठरली आणि जुन्या मार्गावर २०१८ पासून वारसा गाडी सुरू झाली. त्याआधीच्या काळातही असे घडले आहे. बोर घाटात १८६३ मध्ये बांधलेले, गाडीची दिशा उलटविण्याचे स्थानक १९२० च्या दशकाच्या अखेरीस नव्या बोगद्यांमुळे निरुपयोगी झाले. केरळात चालकुडीपासून परंबिकुलमच्या जंगलापर्यंत सागवान वाहणारी कोचीन संस्थानची वन ट्रामवे १९०७ पासून चालली व १९६३ मध्ये बंद झाली.

लोकांना अशा मार्गांची ओढ आहे, याचा पुरावाही समोर आहे. कर्नाटकात सकलेशपूर–सुब्रह्मण्य हा पन्नासहून अधिक बोगद्यांचा घाटमार्ग १९९६ मध्ये गेजपरिवर्तनासाठी बंद झाला आणि सुमारे दशकभर बंगळूरच्या पदभ्रमण करणाऱ्यांचा आवडता ‘हरित मार्ग’ बनला. २००६ मध्ये मालगाड्या सुरू झाल्यावरही लोक तेथे जात राहिले. गोव्याच्या सीमेवरील दूधसागर धबधब्याकडे रुळांवरून चालत जाणाऱ्या पर्यटकांना जुलै २०२३ मध्ये रेल्वेने जाहीर ताकीद दिली. चालू रुळांवरून चालणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही. बंदी आवश्यकच आहे. पण ज्या ओढीने लोक तेथे जातात, तिला एखादा सुरक्षित, अधिकृत बंद मार्ग उपलब्ध करून देणे हा बंदीचा पूरक उपाय ठरेल.

कायदेशीर बाजूने आपली स्थिती अमेरिकेपेक्षा सोपी आहे. रेल्वेची बहुतेक जमीन भूसंपादन कायद्याखाली संपूर्ण मालकीने घेतलेली आहे. त्यामुळे मार्ग बंद झाला म्हणून ती आपोआप शेजाऱ्याकडे परत जात नाही. आपल्याकडील धोका अतिक्रमणाचा आणि तुकड्यातुकड्यांच्या विक्रीचा आहे. रिकाम्या जमिनीचा व्यापारी विकास करण्यासाठी रेल्वे भूमी विकास प्राधिकरण स्थापन झालेले आहे. शहरातील भूखंडांसाठी ते धोरण योग्य असेल. परंतु सलग पट्ट्याचे मोल त्याच्या चौरस मीटरवरून ठरत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार ग्रामीण भागात बाजारमूल्याच्या चौपटीपर्यंत मोबदला द्यावा लागू शकतो. आज विकलेला पट्टा उद्या पुन्हा मिळवावयाचा झाल्यास किती खर्च येईल, याचा अंदाज यावरून बांधता येईल.

येथे विदर्भातील ‘शकुंतला’चा उल्लेख आवश्यक आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग कापसाच्या वाहतुकीसाठी ब्रिटिशकाळात खासगी कंपनीने बांधला. १९९४ पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन धावत असे. गाड्या थांबल्यापासून रुंदीकरणाची मागणी लोक सातत्याने करीत आहेत. एस.टी.चे भाडे न परवडणाऱ्या कुटुंबांची ती गाडी होती. अशा ठिकाणी विहारमार्गाची भाषा करणे म्हणजे भाकरी मागणाऱ्याला फुले देणे होईल, असे कोणी म्हटल्यास ते चूक नाही. येथील लोकांचा पहिला हक्क रेल्वेवर आहे. मात्र प्रतीक्षेच्या काळात भराव खचू नयेत, मोऱ्या बुजू नयेत आणि पट्टा गिळला जाऊ नये, हेही तितकेच खरे. ‘ठेवीत ठेवलेला मार्ग’ ही कल्पना रेल्वेच्या मागणीच्या विरोधात नसून तिला पोषक आहे.

काही मार्ग मात्र माणसासाठी खुले न करणेच इष्ट. अकोला–खांडवा हा मीटरगेज मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असे आणि २०१७ च्या आरंभी गेजपरिवर्तनासाठी तो बंद झाला. व्याघ्र प्रकल्प टाळून पर्यायी आखणी करावी, अशी मागणी पर्यावरणप्रेमींनी आणि २०२१ मध्ये राज्य शासनानेही केली. अशा गाभ्यातील पट्टा वन्यजीवांना परत देणे, हाच त्याचा सर्वोत्तम उपयोग होय.

रोजच्या वापराचा विचार

आपल्या देशात विहारमार्गाचा हेतू केवळ पर्यटन असू नये. २०२३ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या व त्यांत पादचाऱ्यांची संख्या ३५ हजारांहून अधिक होती. बिहारने २००६ मध्ये शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली आणि इतर राज्यांनीही तशी पावले उचलली. मुलीच्या हाती सायकल आली, पण भरधाव मालमोटारींच्या कडेने ती कोठून चालवावी? दोन गावांना आणि एका माध्यमिक शाळेला जोडणारा आठ-दहा किलोमीटरचा जुना भराव तिला पर्यटकापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडेल.

काय करता येईल?

पहिले काम गणनेचे. बंद पडलेल्या, बाजूला पडलेल्या आणि बंद होऊ घातलेल्या सर्व मार्गांची लांबी, मालकी, पूल व बोगद्यांची स्थिती आणि अतिक्रमणे यांची राष्ट्रीय नोंद तयार व्हावी. स्पेनने सुरुवात येथूनच केली. दुसरे, या नोंदीतील पट्टे किमान ठरावीक काळ अविभाज्य मानावेत. त्यांतील तुकडा विकण्यापूर्वी राज्य शासन व संबंधित ग्रामपंचायतींचे मत घ्यावे. तिसरे, मालकी रेल्वेकडेच ठेवून वापराचा हक्क करारान्वये स्थानिक संस्थेस द्यावा आणि आवश्यकता भासल्यास रेल्वे तो परत घेऊ शकेल, अशी अट त्यात असावी. चौथे, देखभालीचा खर्च कोण करणार, हे उद्घाटनापूर्वी ठरावे. पर्यटन व ग्रामविकासाच्या योजना बांधणीला साहाय्य करू शकतील, परंतु दर पावसाळ्यापूर्वी मोऱ्या साफ करण्याची जबाबदारी एका निश्चित यंत्रणेकडे असली पाहिजे. पाचवे, जुने स्थानक, पाण्याची टाकी, सिग्नलचा खांब यांसारख्या खुणा जागेवरच जपाव्यात आणि ज्या गँगमननी हा मार्ग पिढ्यानपिढ्या सांभाळला, त्यांच्या अनुभवाचा देखभालीत उपयोग करून घ्यावा.

प्रारंभ मोठा असण्याची गरज नाही. एखाद्या जिल्ह्यात, लोकांची संमती असलेला, वन्यजीवांना बाधा न आणणारा आणि किमान एका शाळेला जोडणारा एक पट्टा निवडून तो नीट चालवून दाखविला तरी पुरे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हजारो मजुरांनी पाटीपाटीने माती वाहून हे भराव उभे केले. त्यांवरून पुन्हा गाडी धावेल किंवा माणसे चालतील, हे त्या त्या काळाची गरज ठरवील. तोपर्यंत पट्टा सलग ठेवणे मात्र आजच्या पिढीच्या हाती आहे. एकदा तो तुटला की ही निवड पुढच्या पिढीला उरणार नाही.